मोठ्या क्रूझवरचे शो मनसोक्त कसे बघावेत

क्रूझवरून परत आलेल्या नातेवाइकांना मी हमखास विचारते, "शो कोणकोणते बघितलेत?" आणि बरेचदा उत्तर येतं, "एक बघितला गं, बाकीचे राहूनच गेले." मला ते ऐकून मनापासून वाईट वाटतं. शनिवार-रविवारी नाटकाला जाणाऱ्या घरात मी वाढले आहे. तिकीट आधीच भरलेलं, कलाकार दोन मजले खाली रंगमंचावर उभे, आणि आपण मात्र जेवणाच्या टेबलावर तिसरी मिठाई मागवतोय, हे मला बघवत नाही. क्रूझवर शो बघायला वेगळे पैसे लागत नाहीत. लागतं ते वेळेचं गणित, आणि ते घरून निघण्याआधीच बरंचसं मांडता येतं.

सगळी जहाजं सारखी नसतात, म्हणून हा लेख मी एका ठरावीक प्रकारच्या जहाजांभोवती लिहिते आहे: रॉयल कॅरिबियन कंपनीची ओएसिस वर्गातली जहाजं. ओएसिस ऑफ द सीज (२००९), अल्यूर (२०१०), हार्मनी (२०१६), सिंफनी (२०१८), वंडर (२०२२) आणि युटोपिया (२०२४). दोघांची एक केबिन असा हिशोब धरला तरी एकेका जहाजावर साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी असतात. फ्लोरिडातल्या बंदरांमधून कॅरिबियन बेटांकडे यातली बरीच जहाजं जातात. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या कितीतरी मराठी आई-बाबांची पहिली क्रूझ अशाच एखाद्या जहाजावर होते.

तिकीट काढण्याआधी

आपण क्रूझ निवडताना बेटं बघतो, केबिनची बाल्कनी बघतो, भाडं बघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की जहाजावर कोणत्या प्रकारचे रंगमंच आहेत हेही बघा, कारण ते नंतर बदलत नाही.

ओएसिस वर्गात तीन मोठ्या जागा आहेत. पुढच्या बाजूला मुख्य नाट्यगृह, सुमारे १,४०० खुर्च्यांचं, म्हणजे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरापेक्षा मोठं. जहाजाच्या पोटात, डेक ४ वर म्हणजे चौथ्या मजल्यावर, स्टुडिओ बी नावाची खऱ्या बर्फाची रिंक. आणि अगदी मागच्या टोकाला, उघड्या आकाशाखाली, पाण्यातल्या शोचं ॲक्वाथिएटर. १९९९च्या व्हॉयेजर ऑफ द सीजवर समुद्रातली पहिली बर्फाची रिंक आली, पण त्या वर्गातल्या जहाजांवर ॲक्वाथिएटर नाही. २०२४च्या आयकॉन ऑफ द सीजवर पाण्यातला शो पुढच्या बाजूच्या काचेच्या घुमटाखाली होतो, त्यामुळे तिथे वाऱ्याचा त्रास कमी. सिंगापूरहून आपली बरीच मंडळी याच कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर जातात. तिथे बर्फ नाही आणि ॲक्वाथिएटरही नाही, पण टू-सेव्हंटी नावाचं एक दालन आहे. दिवसा त्याच्या उंच काचांमधून समुद्र दिसतो आणि रात्री त्याच काचा प्रचंड पडदा होतात. मुंबईहून निघणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावरही नाट्यगृह आहे. हे जहाज मुळात १९९०मध्ये रॉयल कॅरिबियनसाठीच बांधलं होतं. पण आकार लहान, त्यामुळे अपेक्षाही तशीच ठेवावी.

प्रवास किती रात्रींचा आहे तेही बघा. युटोपिया तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करते. तेवढ्या वेळात सगळं बसवायला फार धावपळ होते. शो हे मुख्य आकर्षण असेल तर सात रात्रींची फेरी घ्या.

निघण्याआधीचे आठवडे

आधी एक साधं गणित. प्रवासी साडेपाच हजार, नाट्यगृहात खुर्च्या १,४००. म्हणजे सगळ्यांनी बघायचं ठरवलं तर एकाच खेळाचे चार प्रयोग करावे लागतील. म्हणूनच मोठा शो एकाच रात्री होऊन संपत नाही. त्याचे प्रयोग दोन-तीन रात्रींवर पसरलेले असतात, आणि बहुतेक रात्री दोन वेळा: एक संध्याकाळी सातच्या सुमारास, दुसरा नऊच्या पुढे. बर्फाच्या आणि पाण्याच्या शोला जागा याहून बऱ्याच कमी, म्हणून तिथलं आरक्षण आधी संपतं.

काही फेऱ्यांसाठी हे आरक्षण निघण्याआधीच कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर उघडतं, काहींसाठी चढल्याच्या दिवशी. क्रूझचं बुकिंग झालं की दर आठवड्याला एकदा आत जाऊन बघायची सवय लावा. उघडलं की त्याच दिवशी घ्या, पैसे लागत नाहीत. दोन-तीन केबिनमध्ये मिळून जात असाल तर सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे एकालाच सगळ्यांचं आरक्षण करता येतं. आठ जणांच्या कुटुंबात प्रत्येकाने आपापलं केलं, की दोघांना सातचा प्रयोग आणि सहांना नऊचा, असं हमखास होतं.

जेवणाची वेळही आत्ताच ठरवा. मुख्य भोजनगृहात ठरलेल्या वेळेची लवकरची किंवा उशिराची पंगत घेता येते, किंवा 'माय टाइम' या प्रकारात वेळ आपली आपण निवडता येते. लवकर जेवणाऱ्यांसाठी नऊनंतरचा प्रयोग आणि उशिरा जेवणाऱ्यांसाठी सातचा, अशी रचना असते. बसून वाढलेलं जेवण दीड तास तरी घेतं. सहाला जेवायला बसून सातचा शो गाठू असं मनात आणू नका. आमच्याकडे आई-बाबांना साडेसातला जेवायची सवय, म्हणून आम्ही लवकरची पंगत आणि नंतरचा प्रयोग असं ठरवलं, आणि दुपारी सगळ्यांनी सक्तीने झोप काढली. ती दुपारची झोप सोडू नका. बेटावर उन्हात हिंडून आलेला माणूस रात्री नऊला अंधाऱ्या नाट्यगृहात मऊ खुर्चीत बसला, की पाच मिनिटांत पेंगतो.

वाऱ्याने अडणारे शो आधी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: हवामानावर अवलंबून असलेले शो आठवड्याच्या पहिल्या अर्ध्यात घ्या.

ॲक्वाथिएटरचा हौद सुमारे साडेपाच मीटर खोल आहे. त्याचा तळ वर-खाली होतो. आत्ता जिथे नर्तक घोट्याएवढ्या पाण्यात नाचत होते, तिथेच काही मिनिटांत तळ खाली जातो आणि १० मीटर उंचीवरून सूर मारले जातात. हे सगळं चालत्या जहाजाच्या मागच्या टोकावर. जोराचा वारा असेल तर उंचावरचा माणूस हलतो, जहाज डोलत असेल तर हौदातलं पाणी एका बाजूला चढतं. अशा वेळी शो रद्द होतो किंवा उंच सूर वगळून होतो. आमच्या फेरीत तिसऱ्या रात्रीचा पाण्याचा शो सुरू व्हायच्या अर्धा तास आधी रद्द झाला. मुलगी रडायला लागली. पण पुढे चार रात्री शिल्लक होत्या, नवीन प्रयोग लावला गेला आणि पाचव्या रात्री आम्ही तो बघितला. सहाव्या रात्रीचं आरक्षण असतं आणि तेव्हा तो रद्द झाला असता, तर बहुधा कायमचाच हुकला असता.

रद्द झाल्याचं कळलं की हळहळत बसू नका, लगेच ॲप उघडा. बदली प्रयोगाच्या जागा भराभर जातात.

बर्फाच्या शोलाही हाच नियम. स्टुडिओ बी जहाजाच्या मध्यावर आणि खाली असल्यामुळे तिथे डोलणं सगळ्यात कमी, तरीही समुद्र खवळलेला असेल तर उड्या घेणं धोक्याचंच. जमिनीवरच्या स्पर्धांच्या रिंकपेक्षा ही रिंक खूपच लहान आहे. उडी घ्यायला लागणारा वेग इथे जेमतेम काही पावलांत गाठावा लागतो, आणि खाली येताना पायाखालचं बर्फ किंचित तिरकं झालेलं असू शकतं. एवढं मनात ठेवून बघितलंत तर पहिल्या दुहेरी गिरकीलाच टाळ्या आपोआप वाजतील.

मुख्य नाट्यगृहातला मोठा संगीत-नृत्याचा प्रयोग वाऱ्याने सहसा अडत नाही, तो आठवड्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवला तरी चालतो.

चढल्यावर पहिले दोन तास

बहुतेक लोक चढल्याचढल्या जेवायला धावतात. जेवा, पण त्याआधी तीन कामं उरका. फोन एअरप्लेन मोडवर टाकून जहाजाच्या वायफायला जोडा. इंटरनेटचं पॅकेज घेतलं नसेल तरी कंपनीचं ॲप त्यावर फुकट चालतं. मग आपत्कालीन सूचनांचा व्हिडिओ बघून आपल्या ठरलेल्या जागी हजेरी लावा. हे सगळ्यांना सक्तीचं आहे, आणि लवकर केलं की दुपार मोकळी होते. तिसरं काम, ॲपमधलं वेळापत्रक उघडून सातही दिवसांवर एक नजर फिरवा आणि जे आवडेल त्यावर खूण करा.

आरक्षण पूर्ण भरलेलं दिसलं तर नाउमेद होऊ नका. दिवसातून दोन-तीनदा बघा, लोक बेत बदलतात आणि जागा सुटतात. तेही जमलं नाही तर सरळ दारावर जा. आरक्षण असलेल्यांसाठी एक रांग असते आणि नसलेल्यांसाठी वेगळी. शो सुरू व्हायच्या साधारण दहा मिनिटं आधी रिकाम्या जागा दुसऱ्या रांगेला सोडल्या जातात. अर्धा तास आधी उभे राहिलात तर आत जायची शक्यता चांगली असते. याची दुसरी बाजूही आहे: तुमचं आरक्षण असूनही शेवटच्या पाच मिनिटांत धावत आलात, तर तुमची जागा गेलेली असू शकते. आणि यायचं नसेल तर आरक्षण रद्द करा. बाहेर कोणीतरी लेकराला घेऊन त्या जागेची वाट बघत असतं.

घड्याळाबद्दल एक इशारा. उन्हाळ्यात मायामी आणि मेक्सिकोच्या कोझुमेल बेटात एका तासाचा फरक असतो. बेटावर उतरल्यावर फोनने तिथलं नेटवर्क पकडलं की घड्याळ आपोआप मागे जातं, जहाजाची वेळ मात्र कप्तान ठरवतो. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. शोपेक्षाही, बंदरावर जहाजात परतण्यासाठी त्याचा उपयोग जास्त.

कुठे बसायचं

आरक्षण प्रयोगाचं असतं, खुर्चीचं नसतं. जो आधी येईल तो हवी ती जागा घेतो. दार साधारण अर्धा तास आधी उघडतं.

मराठी नाटकाला आपण पहिली रांग सोडत नाही, कारण चेहरा बघायचा असतो. इथे ती सवय जरा बाजूला ठेवा. या प्रयोगांत वीस-पंचवीस नर्तकांच्या आकृती, वरून उतरणारं नेपथ्य, हवेत लटकणारे कलाकार असं बरंच काही असतं. पहिल्या रांगेतून फक्त पाय दिसतात. खालच्या भागाची मधली रांग किंवा बाल्कनीची पहिली रांग, मधोमध, ही मला सर्वांत आवडलेली जागा.

ॲक्वाथिएटरच्या पुढच्या काही रांगांवर पाणी उडतं, तसा फलकही असतो. मुलांना तिथेच बसायचं असतं, बसू द्या, एक टॉवेल घेऊन जा. पण उंच सूर नीट बघायचे असतील तर मध्यभागी आणि वर बसा. सूर मारणारा माणूस तिथून फळीवरून पाण्यापर्यंत सलग दिसतो, मान वर-खाली करावी लागत नाही. रात्रीच्या वाऱ्यात तिथे गार वाटतं, पातळ जॅकेट असू द्या.

बर्फाच्या दालनात शाल हवीच. खालच्या नळ्यांतून रिंक सतत गोठवत ठेवलेली असते, त्यामुळे आत शिरताक्षणी गारवा अंगावर येतो. बाहेर कॅरिबियनचा उकाडा असल्यामुळे लोक बिनबाह्यांच्या कपड्यांत येतात आणि अर्धा वेळ दंड चोळत बसतात. इथे खांब आडवे येतात, म्हणून बसण्याआधी एकदा डावी-उजवीकडे बघून घ्या.

बहुतेक खेळांना मध्यंतर नसतं. पाऊण तास ते दीड तास सलग. आपल्यासारखं मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा असं काही नाही, तेव्हा खाणं आणि बाथरूम आधीच. फ्लॅश सगळीकडे बंद ठेवा. बर्फावर आणि उंच फळीवर त्याने डोळे दिपले तर माणूस पडू शकतो. चित्रीकरणाला बहुतेक प्रयोगांत मनाई असते. फोन खिशात ठेवा, आणि टाळ्यांना हात मोकळे ठेवा. हे कलाकार मोठमोठ्या करारांवर महिनोन्‌महिने घरापासून दूर असतात. जहाजावर चढण्याआधी त्यांच्या तालमी मायामीजवळ, फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या बिस्केन बे आवारातल्या कंपनीच्या स्टुडिओत होतात. एकाच रात्री तोच प्रयोग दोनदा करणाऱ्या माणसाला समोरून दाद मिळाली, की दुसऱ्या प्रयोगाला काय उभारी येते, हे नाटकवाल्यांना सांगायला नको.

छोट्या जागा

मोठे शो चार-पाच असतात. बाकीच्या रात्री, आणि मोठ्या शोच्या आधी-नंतरच्या वेळा, या छोट्या जागांच्या. माझा जीव खरं तर इथेच अडकला.

डेक ४ वर एक छोटा जॅझ क्लब असतो. पहिल्या रात्री आम्ही दारातून डोकावून पुढे गेलो. चौथ्या रात्री आत बसलो तर समोर तीन वादक आणि आम्ही धरून बारा माणसं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानंतर आम्ही रोज गेलो. रात्री दहाच्या पुढचा सेट निवडा, मोठा शो सुटून गर्दी पांगलेली असते आणि वादक मोकळे होऊन वाजवतात.

स्कूनर बारमध्ये पियानोवादक फर्माईश घेतो. कागदावर गाण्याचं नाव लिहून द्यायचं, गाणं झाल्यावर एक-दोन डॉलर ठेवायचे, ही तिथली रीत. हिंदी गाणं येणार नाही असं गृहीत धरू नका, विचारा. जहाजांवरच्या बँडमध्ये फिलिपिन्सचे वादक पुष्कळ असतात आणि त्यांचा गाण्यांचा साठा थक्क करणारा असतो. सेंट्रल पार्क नावाची बाग आठव्या डेकवर आहे, खरी झाडं, वर उघडं आकाश. तिथे संध्याकाळी कोणी गिटार वाजवत असेल तर बाकावर बसून ऐका, खरेदी करायची सक्ती नसते. दुपारी पोहण्याच्या तलावाजवळ स्टीलपॅन वाजतं. त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांपासून घडलेलं हे वाद्य, त्याच्याच समुद्रात ऐकण्याची संधी आहे. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसते उभे राहा.

पाचव्या डेकवरच्या रॉयल प्रोमेनाड या मोठ्या रस्त्यावर एखाद्या रात्री मिरवणूक निघते. जमिनीवरून बघण्यापेक्षा वरच्या पुलावरून किंवा कठड्यावरून बघा, वीस मिनिटं आधी जागा धरून.

या ठिकाणी पेय घेतलं तर त्याचे पैसे वेगळे, आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लागतं. काही न घेता बसलं तरी कोणी उठवत नाही, पण गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसू नये. एखादं लिंबूसरबत घ्यावं.

आणखी एक. कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या पट्टीवर नावाबरोबर देश लिहिलेला असतो. भारत दिसला तर बोला. गोव्याची माणसं कित्येक पिढ्या बोटीवर नोकरी करत आली आहेत, मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावांच्या नावाचे 'कूड', म्हणजे एकत्र मुक्कामाच्या जागा, होते ते याच खलाशांसाठी. "आज कुठला बँड चांगला आहे?" याचं खरं उत्तर आम्हाला ॲपवर मिळालं नाही. ते दिलं गोव्यातल्या सासष्टीच्या एका वाढप्याने.

आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर

भाषेचा विचार आधी करा. कॉमेडी क्लबमधलं इंग्रजी जलद असतं, संदर्भ अमेरिकी असतात, आणि उशिराचे प्रयोग फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी असतात. वडीलधाऱ्यांना तिथे नेऊन अवघडवू नका. पहिल्या रांगेत बसलात तर कलाकार तुमच्याशी बोलणारच, हेही जाणून असा. बर्फ, पाणी, मिरवणूक यांना भाषा लागत नाही. माझ्या सासूबाईंनी बर्फाचा शो दोनदा बघितला, दुसऱ्यांदा दुसऱ्या रांगेतून.

मुख्य नाट्यगृह पुढच्या टोकाला असल्याने तिथे डोलणं जास्त जाणवतं. मळमळ होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मधोमध बसावं. गुडघे दुखत असतील तर दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, पायऱ्या न उतरता बसता येईल अशा जागा असतात आणि चाकाच्या खुर्चीसाठी राखीव जागाही. ऐकू कमी येत असेल तर त्यासाठीचं उपकरण पाहुणे-सेवा कक्षात मागा. शो सुटल्यावर लिफ्टपाशी तोबा गर्दी होते. दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहणं सर्वांत सोपं.

लहान मुलांसाठीचा क्लब रात्री दहापर्यंत फुकट असतो, त्यापुढे तासाप्रमाणे पैसे. दहाचा जॅझ ऐकायचा असेल तर आळीपाळीने जाणंही चांगलं. आम्ही तेच केलं.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री मोठं काही ठेवू नका. मोठ्या बॅगा रात्री अकराच्या सुमारास केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे सगळे आवराआवरीत असतात. बॅगा दुपारीच भरा. सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत, आणि शाल वरच राहू द्या. मग रात्री जेवून सरळ छोट्या क्लबमध्ये जाऊन बसा, त्या रात्री तिथे जागा असते.

परतल्यावर कंपनीकडून ईमेलवर एक प्रश्नावली येते. बहुतेक लोक जेवणाबद्दल लिहून थांबतात. त्यात तुम्हाला आवडलेल्या वादकाचं, स्केटरचं, गायिकेचं नाव लिहा, कुठल्या रात्री कुठे ऐकलं तेही. त्यासाठी आठवडाभर फोनमध्ये नावं टिपून ठेवा, किंवा सरळ शो संपल्यावर पुढे जाऊन विचारा. नाव विचारलेलं त्यांना फार आवडतं.